लहान उद्योगाने सल्लागार केव्हा नेमावा

कांदा-लसूण मसाल्याचा उद्योग घरातून निघून भाड्याच्या गाळ्यात गेला, कांडप यंत्र बसले, तीन-चार बायका रोज कामाला येऊ लागल्या आणि दुकानदार पाकिटावरचा परवाना क्रमांक विचारू लागले, की हे सगळे आता आपल्या एकटीच्या आवाक्यातले राहिलेले नाही, असे मालकिणीला पहिल्यांदा वाटू लागते. नेमक्या त्याच सुमारास कोणीतरी ओळखीचे माणूस एखाद्या सल्लागाराचा फोन नंबर देते. तो फोन करायचा की नाही, आणि करायचा तर केव्हा, हे ठरवण्याची रीत या लेखात क्रमाने मांडली आहे. उदाहरणे मसाल्याची आहेत, कारण सातारा-सांगली भागात मी तोच उद्योग चालवते. पण लोणची, पापड, बेकरी किंवा लेथवर सुटे भाग करणाऱ्यांनाही यातले बहुतेक सारे लागू पडेल.

मी आजवर दोनदा सल्लागार नेमले. पहिल्या वेळी "उद्योग वाढवायचा आहे" एवढेच सांगितले होते. दोन महिन्यांनी एक जाडजूड अहवाल हाती आला, ज्यात मसाल्यांच्या बाजारपेठेवर कित्येक पाने होती आणि माझ्या गाळ्यातल्या कामाबद्दल जेमतेम दीड पान होते. दुसऱ्या वेळी प्रश्न एका ओळीचा होता: पावसाळ्यात पाकिटातल्या मसाल्याच्या गुठळ्या का होतात? त्याचे उत्तर तीन भेटींत मिळाले. दोन्ही माणसे आपापल्या विषयात शिकलेली होती, त्यामुळे फरक पडला तो विचारण्यात, असे माझे ठाम मत झाले आहे. म्हणून सुरुवात माणूस शोधण्यापासून न करता अडचण लिहिण्यापासून करावी.

पहिली पायरी: अडचण एका पानावर लिहावी

कोरे पान घ्यावे आणि त्यावर चार गोष्टी लिहाव्यात: नेमके काय बिघडते आहे, केव्हापासून बिघडते आहे, त्यात महिन्याला किती पैसे जात आहेत आणि ते दुरुस्त करण्यासाठी तुम्ही स्वतः आजवर काय काय करून पाहिले आहे. "विक्री वाढत नाही" किंवा "काम शिस्तीत होत नाही" असे लिहिले असेल, तर पान अजून तयार झालेले नाही असे समजावे. "जून ते सप्टेंबर या काळात दुकानांना दिलेल्या पाकिटांपैकी साधारण पाच टक्के परत येतात, परत आलेल्या मसाल्यात गुठळ्या असतात, काहींना बुरशीचा वास येतो, आणि थंडीत भरलेल्या मालाची अशी तक्रार येत नाही" हे वाक्य मात्र कोणत्याही जाणकाराच्या हाती दिले, तर त्याला लगेच कामाला लागता येते.

हे पान लिहिताना आकडे सापडत नाहीत, ही पहिली अडचण समोर येते. किती पाकिटे परत आली, कोणत्या दुकानातून आली आणि ती कोणत्या दिवशी कांडलेल्या मालाची होती, याची नोंद बहुतेक लहान उद्योगांत कोणी ठेवत नाही. अशा वेळी सल्लागाराला न बोलावता आधी दोन-तीन महिने साधी वही ठेवावी. प्रत्येक घाण्याला बॅच क्रमांक द्यावा, तो पाकिटावर छापावा, प्रत्येक बॅचची दोन पाकिटे तारखेसह गाळ्यातच राखून ठेवावीत आणि परत आलेल्या पाकिटाचा क्रमांक वहीत उतरवावा. हे काम सल्लागार आल्यावरही करावेच लागते. फरक एवढाच की तोवर त्याच्या भेटींचे पैसे चालू झालेले असतात.

वही हाती आली, की काही प्रयोग घरच्या घरी करता येतात. कांडताना मसाला चांगलाच तापतो, आणि तो कोमट असतानाच पाकिटात भरून बंद केला तर आत वाफ धरते. म्हणून एक बॅच रात्रभर पसरून पूर्ण गार करून भरावी आणि दुसरी नेहमीप्रमाणे भरावी. कांदा आणि सुके खोबरे नीट वाळले आहे की नाही, हेही असेच दोन प्रकारे करून पाहावे. पाकिटाची शिलाई, म्हणजे उष्णतेने केलेले सीलिंग, कोपऱ्यात उघडे राहते का, हे पाकीट पाण्यात बुडवून दाबले तर बुडबुड्यांवरून कळते. या तीन प्रयोगांना वेळ लागतो, पण खर्च जवळपास नाही. त्यांतून कारण सापडले तर सल्लागाराची गरजच उरत नाही. सापडले नाही, तर निदान ही तीन कारणे बाजूला पडतात आणि त्याचे काम तेवढे कमी होते.

दुसरी पायरी: अडचण कोणत्या जातीची आहे ते ओळखावे

पान तयार झाल्यावर स्वतःला विचारावे, की हे काम दर महिन्याला करावे लागणारे आहे, एकदाच करायचे आहे, की मुळात हा माझ्या घरातला निर्णय आहे?

दर महिन्याला होणाऱ्या कामाला सल्लागार नको, माणूस हवा. बिले लिहिणे, उधारीच्या वसुलीचे फोन करणे, कच्च्या मालाचा साठा मोजणे ही कामे अर्धवेळ येणाऱ्या हिशेबनिसाची किंवा घरातल्या शिकलेल्या मुलीची आहेत. जीएसटीची विवरणपत्रे भरणे हेही दर महिन्याचे किंवा तिमाहीचे काम आहे आणि ते कर सल्लागाराकडे वार्षिक ठरावाने द्यावे. या लेखात ज्याला सल्लागार म्हटले आहे तो हा नव्हे. मात्र जीएसटीचाच एखादा मूळ प्रश्न एकदाच विचारण्याजोगा असतो. उदाहरणार्थ, महाराष्ट्रात फक्त वस्तूंची विक्री करणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या वर जाईपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. पण तोच मसाला बेळगावच्या किंवा पणजीच्या दुकानदाराला विकायचा ठरवला, तर परराज्यातल्या विक्रीसाठी उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी करावी लागते. असा विस्तार करण्याच्या आधी सी.ए.ला एका तासाची फी देऊन नीट विचारून घेणे, हा सल्ल्यावरचा उत्तम खर्च आहे.

तिसरी जात नाजूक आहे. दिराला भागीदार करून घ्यावे का, मुलगा शहरातली नोकरी सोडून परत येणार असेल तर विस्तार करावा का, राहते घर तारण ठेवावे का, या प्रश्नांवर सल्लागार आकडेमोड करून देईल, पण निर्णयाचा भार त्याच्यावर टाकता येत नाही. घरात जे बोलणे टळते आहे ते बाहेरच्या माणसाच्या तोंडून वदवून घेण्यासाठी त्याला बोलावले, तर फीही जाते आणि घरातले माणूसही दुखावते. असे झालेले मी जवळून पाहिले आहे.

एकदाच करायचे, आपल्याला न येणारे आणि चुकल्यास महागात पडणारे काम, एवढीच जात खरोखर सल्लागाराची आहे. मसाल्याच्या उद्योगात त्याची ठळक उदाहरणे म्हणजे मालाचा टिकाऊपणा शास्त्रीय रीतीने ठरवणे, नवीन गाळ्याची मांडणी करणे, निर्यातीसाठी परदेशी ग्राहकाच्या अटी समजून घेणे, आणि व्यवसाय एकल मालकीतून भागीदारीत किंवा कंपनीत नेणे.

तिसरी पायरी: जे विनामूल्य मिळते त्याचे पैसे देऊ नयेत

नवख्या उद्योजकांचे सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने सांगते.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती केंद्र सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर आधार क्रमांकाच्या आधारे होते, तिला कोणतीही फी नाही आणि कागदपत्रे अपलोड करावी लागत नाहीत. सरकारी वाटावीत अशा नावांची खासगी संकेतस्थळे याच नोंदणीसाठी पैसे घेतात, तेव्हा पत्त्याच्या शेवटी "गव्ह डॉट इन" आहे ना, हे पाहिल्याशिवाय आधार क्रमांक देऊ नये. आयात-निर्यात कोड विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपये भरून स्वतः काढता येतो. मुद्रा कर्जासाठी बँकेने किंवा सरकारने कोणी मध्यस्थ नेमलेला नाही.

कर्ज आणि अनुदानाच्या योजनांसाठी प्रकल्प अहवाल लागतो, हे खरे आहे. पण तोही लगेच विकत घेऊ नये. जिल्हा उद्योग केंद्रे देशभरात १९७८ पासून सुरू झाली ती याच मदतीसाठी, आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही तिथूनच राबवला जातो. खाद्यपदार्थांच्या सूक्ष्म उद्योगांसाठी २०२० मध्ये आलेल्या केंद्राच्या योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेवले गेले, आणि अर्ज व प्रकल्प अहवाल करायला मदत करण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत संसाधन व्यक्ती नेमल्या गेल्या, ज्यांचे मानधन योजनेतून मिळते, अर्जदाराने द्यायचे नसते. यांपैकी कोणती योजना आज अर्ज घेत आहे, हे जिल्हा उद्योग केंद्रात आणि तालुका कृषी कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारावे. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राच्या प्रशिक्षणवर्गांची चौकशीही त्याच फेरीत करावी.

तांत्रिक प्रश्नांसाठी आधी कृषी विज्ञान केंद्र आणि कृषी विद्यापीठ यांचे दार ठोठवावे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानाचे स्वतंत्र महाविद्यालय आहे. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० पासून या विषयात काम करते आहे. तिथल्या सेवा सर्वच विनामूल्य नाहीत. पण तुमचा प्रश्न नक्की कोणत्या तपासणीचा आहे, एवढे जरी कळले, तरी पुढे खासगी सल्लागाराशी बोलताना तुमची बाजू पक्की असते.

चौथी पायरी: हिशेब मांडावा

समजा, महिन्याला ६०० किलो मसाला जातो आणि दुकानदाराला तो ४८० रुपये किलोने दिला जातो. पावसाळ्यात पाच टक्के माल परत येतो, म्हणजे ३० किलो, म्हणजे महिन्याला १४,४०० रुपये. चार महिन्यांचे ५७,६०० रुपये झाले. अन्नतंत्रज्ञ सल्लागार ४०,००० रुपये फी सांगतो. सल्ला सेवेवर १८ टक्के जीएसटी असतो, आणि तुम्ही स्वतः नोंदणीकृत नसाल किंवा कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान उद्योगांसाठी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या सोप्या पद्धतीत असाल, तर तो कर तुम्हाला परत मिळत नाही. त्यामुळे ४०,००० चे ४७,२०० होतात. प्रयोगशाळेच्या तपासण्यांना आणखी १२,००० धरले, तर एकूण खर्च ५९,२०० रुपये. आता आशा आवरती घेऊन धरावे की परत येणारा माल सगळा थांबणार नाही, दोन तृतीयांश कमी होईल. मग एका पावसाळ्यात ३८,४०० रुपये वाचतील आणि खर्च दुसऱ्या पावसाळ्याच्या मध्यावर भरून निघेल.

माझी स्वतःची मर्यादा दोन वर्षांची आहे. त्यापेक्षा जास्त काळ लागणार असेल, तर मी ते काम पुढे ढकलते आणि तेवढ्या पैशात कच्चा माल हंगामात घेऊन ठेवते. यात एक गोष्ट आकड्यात बसत नाही: परत माल घ्यावा लागलेला दुकानदार पुढच्या वेळी कमी माल उचलतो किंवा उचलतच नाही. ज्यांचे गिऱ्हाईक मोजकेच आहे, त्यांनी हे नुकसान हिशेबात जरूर धरावे. दुसरे असे, की सल्ला अमलात आणण्याचा खर्चही त्याच पानावर लिहावा. साध्या प्लास्टिकच्या पिशवीऐवजी धातूचा थर असलेली फिल्म वापरायला सांगितली, तर प्रत्येक पाकिटामागचा खर्च कायमचा वाढतो, आणि छापील फिल्म घ्यायची म्हटली की पुरवठादाराला मोठी किमान ऑर्डर द्यावी लागते. सल्ला पटला, पण तो अमलात आणायला हातात पैसे नाहीत, अशी वेळ येणार असेल तर आत्ता नेमू नये.

पाचवी पायरी: माणूस पारखावा

दोन किंवा तीन सल्लागारांना तेच एक पान द्यावे आणि उत्तराची वाट पाहावी. जो पान वाचून तुम्हालाच उलट प्रश्न विचारतो, जसे की कांदा उन्हात वाळवता की यंत्रात, तेल किती टक्के आहे, गाळ्यात ओल येते का, तो माणूस कामाचा आहे. जो पान बाजूला ठेवून आपल्या कामाची यादी दाखवू लागतो, त्याच्याकडे तयार उत्तर आहे आणि ते तो तुमच्या प्रश्नाला लावणार आहे.

त्याच्या जुन्या ग्राहकांपैकी दोघांशी स्वतः बोलावे. "काम चांगले केले का" असे न विचारता "त्यांनी सांगितलेल्यापैकी आज तुम्ही काय वापरता" असे विचारावे. प्रत्यक्ष गाळ्यावर कोण येणार, मुख्य माणूस की त्याचा सहायक, हेही आधीच ठरवून घ्यावे.

दोन ठिकाणी विशेष सावध राहावे. पहिले म्हणजे यंत्रविक्रेत्यांचे कमिशन. नवे यंत्र घ्या, असा सल्ला देणाऱ्याला त्याच यंत्राच्या विक्रीत वाटा मिळत असेल, तर तो सल्ला राहत नाही. कोणत्याही पुरवठादाराकडून मोबदला घेत नाही, असे त्याने लिहून द्यावे. जो लिहून द्यायला कचरतो, त्याला नमस्कार करून निरोप द्यावा. दुसरे म्हणजे कर्जाच्या किंवा अनुदानाच्या टक्केवारीवर ठरलेली फी. अशी फी असली, की तुम्हाला सहा लाखांच्या यंत्राची गरज असताना पंधरा लाखांचा प्रकल्प लिहिला जातो, कारण त्याचे उत्पन्न आकड्याबरोबर वाढते आणि हप्ता मात्र तुम्हाला फेडायचा असतो. कर्जाला जोडलेले अनुदान रोख हातात येत नाही, ते ठरावीक काळ बँकेतच कर्जखात्याशी बांधलेले राहते, हे अशा बोलण्यात बहुधा सांगितलेच जात नाही. सनदी लेखापालांना त्यांचा १९४९ चा कायदा, काही अपवाद सोडता, नफ्याच्या टक्केवारीवर किंवा निकालावर अवलंबून असलेली फी घेऊ देत नाही, आणि वकिलांनाही त्यांचे व्यावसायिक नियम निकालावरची फी नाकारतात. जे बंधन या दोन जुन्या व्यवसायांवर आहे, ते इतर सल्लागारांशी ठराव करताना तुम्ही स्वतःहून घालून घ्यावे.

सहावी पायरी: लेखी ठराव करावा

दोन पानांचा ठराव पुरे. त्यात तुमचे ते पहिले पान जोडावे, किती भेटी, किती दिवस आणि शेवटी कोणते कागद हाती येणार ते लिहावे, आणि फी टप्प्यांत बांधावी: काही भाग सुरुवातीला, काही पहिला निष्कर्ष लेखी मिळाल्यावर, उरलेला सर्व कागद सुपूर्द झाल्यावर. सल्लागाराची स्वतःची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असेल, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे त्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. लेखी ठराव नसेल, तर ही मुदत १५ दिवसांवर येते. आपली येणी वसूल करताना आपण ज्या कायद्याचा आधार घेतो, तो आपल्यालाही लागू असतो.

उद्गम कर कपातीचे (टीडीएस, म्हणजे फी देतानाच त्यातून आयकर कापून घेणे) सी.ए.ला विचारून घ्यावे. भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल आणि वर्षाची व्यावसायिक फी ५०,००० रुपयांच्या वर जात असेल, तर साधारणपणे १० टक्के कापून सरकारजमा करावे लागतात. एकल मालकीचा उद्योग असेल आणि आदल्या वर्षीची उलाढाल एक कोटीच्या आत असेल, तर ही जबाबदारी येत नाही.

मसाल्याच्या धंद्यात सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे प्रमाण. आजीकडून सासूला आणि सासूकडून सुनेला आलेले ते प्रमाण सल्लागाराला सांगावेच लागते, कारण त्याशिवाय त्याला तेलाचा आणि ओलाव्याचा अंदाज येत नाही. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नसल्यामुळे गोपनीयतेचे कलम ठरावातच घालावे लागते, आणि सही झाल्याशिवाय प्रमाणाचा कागद हातातून सोडू नये. पाकिटाचे चित्र किंवा बोधचिन्ह करून घेत असाल, तर आणखी एक ओळ घालावी: या कलाकृतीचे सर्व स्वामित्वहक्क कायमचे आणि सर्व देशांसाठी आमच्याकडे हस्तांतरित झाले आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे असे हस्तांतर लेखीच असावे लागते, मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांचे धरले जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. पैसे दिले म्हणजे चित्र आपले झाले, ही समजूत पुष्कळांना नडली आहे.

सातवी पायरी: काम चालू असताना आणि संपताना

प्रत्येक भेटीला मालकाने स्वतः हजर राहावे आणि ज्या बाया रोज मसाला कांडतात व पाकिटे भरतात त्यांना बोलू द्यावे, कारण गरम मसाला केव्हा आणि कशासाठी घाईने भरला जातो हे त्यांनाच माहीत असते. माझ्या बाबतीत गुठळ्यांचे अर्धे कारण त्यांच्यापैकी एकीने पहिल्याच भेटीत सांगितले होते: संध्याकाळची गाडी गाठण्यासाठी शेवटची बॅच कोमटच भरली जात असे. उरलेले अर्धे कारण प्रयोगशाळेत सापडले, जिथे मसाल्याची वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे बुरशीला वापरता येईल अशा मोकळ्या पाण्याचे माप, काढले गेले आणि आमची फिल्म बाहेरचा दमटपणा आत येऊ देते हे दिसले. हे दुसरे कारण आम्हाला कधीच कळले नसते, आणि फी द्यायची ती यासाठीच.

सरकारी संकेतस्थळांवरची सर्व खाती, म्हणजे जीएसटी, उद्यम, अन्न परवाना आणि व्यापारचिन्ह, तुमच्याच मोबाइल क्रमांकावर आणि तुमच्याच ई-मेलवर उघडलेली असावीत. सोय म्हणून सल्लागार स्वतःचा क्रमांक टाकतो आणि काही वर्षांनी परवान्याच्या नूतनीकरणाची किंवा कराच्या नोटिशीची सूचना तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही; मग त्याच्याशी संबंध संपवायचे ठरवले, तरी पासवर्डसाठी त्याच्याच दारात उभे राहावे लागते. आज ही खाती उघडून त्यांतले क्रमांक तपासावेत आणि दुसऱ्याचा निघाल्यास लगेच बदलून घ्यावा.

काम संपल्यावर प्रयोगशाळेचे मूळ अहवाल, फिल्मचे तपशील, पुरवठादारांची कोटेशने आणि बॅच भरण्याची बदललेली पद्धत कामगारांना वाचता येईल अशा मराठीत लिहून घ्यावी आणि ती पद्धत गाळ्यातल्या भिंतीवर लावावी. शेवटचा हप्ता हे सर्व हातात आल्यावर द्यावा. पुढच्या सप्टेंबरअखेर परत आलेली पाकिटे पुन्हा मोजून तो आकडा पहिल्या पानावर, जुन्या पाच टक्क्यांच्या शेजारी लिहावा आणि त्याची एक प्रत सल्लागारालाही पाठवावी.